बेल वाजली की छातीत धस्स होतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पिंपरी-चिंचवड परिसरातल्या एका आईचं हे पत्र आहे. ती घरी शिवणकाम करते, यजमान कंपनीत तीन पाळ्यांत काम करतात. मोठ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. धाकटा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत. दोन महिन्यांपूर्वी तो दोन मित्रांबरोबर चोरीच्या मोटारसायकलवर सापडला. ९ दिवस निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या संस्थेत) राहिल्यावर बाल न्याय मंडळाने त्याला जामिनावर आईवडिलांच्या ताब्यात दिलं आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवलं. तेव्हापासून अधिकारी मॅडम अधूनमधून घरी येतात आणि एका संस्थेच्या समुपदेशक ताई दर बुधवारी येतात. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा आईने "विमावाली बाई आहे" असं सांगितलं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाचा फोटो फिरला होता, त्यामुळे कोणाचा त्यावर विश्वास बसला असेल असं तिला वाटत नाही. यजमानांनी मुलगा परत आला त्या रात्री त्याला मारलं आणि तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. त्याला सांगोल्याला मामाकडे पाठवून द्यावं, इथली संगत सुटेल, असं त्यांचं म्हणणं. वकिलांनी बजावलंय, "कोणाशी काही बोलू नका." मुलगा दुपारपर्यंत झोपतो, कॉलेजला जात नाही. आई विचारते: "या दोघींना येऊ नका म्हणता येईल का? आणि मुलाला गावी पाठवलं तर चालेल का? बेल वाजली की माझ्या छातीत धस्स होतं."

नमस्कार.

आधी तुमच्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं देते, मग बाकीचं बोलू. घरी येणाऱ्यांना 'येऊ नका' म्हणू नका. आणि मंडळाला न विचारता मुलाला गावी पाठवू नका. ही दोन्ही पावलं मुलाच्याच विरोधात जातील.

पण माझी उत्तरं 'नाही' अशी असली तरी तुमचे प्रश्न चुकीचे नाहीत. मी स्वतः २० वर्षांहून जास्त काळ परिवीक्षा अधिकारी म्हणून लोकांच्या घरी जात होते. दार उघडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरचं ते धस्स मी दाराच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे. आपल्याच घरात, आपल्याच भांड्याकुंड्यांमध्ये कोणी वही घेऊन बसलंय आणि आपल्या संसाराची झडती होते आहे, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून त्या नेमकं कशासाठी येतात, तिथूनच सुरुवात करते.

कायद्याने तुमच्या मुलाला घरी पाठवलं ते मेहरबानी म्हणून नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाला जामीन देणं हाच नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. त्याला सोडल्यास तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं मानायला सबळ कारण असेल तरच जामीन नाकारता येतो. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्याच्या मूळ तत्त्वांतच लिहिलं आहे. मुलांसाठी वेगळी वाट हवी हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा १९२४ सालीच झाला होता. मुलाचं घर हीच त्याची सुधारायची जागा, हा त्या विचाराचा गाभा आहे. पण मूल घरी पाठवायचं आणि घराला वाऱ्यावर सोडायचं, असं चालत नाही. घरी येणाऱ्या त्या दोघी म्हणजे त्याच जामिनाची दुसरी बाजू. त्या आल्या नाहीत, तर मंडळापुढे तुमच्या घराच्या बाजूने सांगायला दुसरं कोण आहे?

'चौकशी' या शब्दाने सगळा घोळ होतो. पोलीस तपास करतात तो गुन्ह्याचा. परिवीक्षा अधिकारी जो अहवाल देतो तो मुलाचा आणि घराचा. तो शिकतो कुठे, घरात कोण कोण आहे, आजार कोणते, भांडणं कोणती, त्याला काय जमतं, कशाची भीती वाटते. हा सामाजिक तपासणी अहवाल कायद्याप्रमाणे दोन आठवड्यांत मंडळाकडे जातो, म्हणजे तुमच्या बाबतीत तो बहुधा गेलेला असेल. मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात आणि त्यात किमान एक स्त्री असते. आपल्यासमोरचा मुलगा कोणत्या घरातून आला आहे हे त्यांना या अहवालातून दिसतं. दाराला कडी असेल तर अहवालात एकच ओळ जाते: कुटुंबाचं सहकार्य नाही. मी अशा ओळी लिहिल्या आहेत. लिहिताना वाईट वाटायचं, कारण दाराआडची माणसं वाईट नसायची, घाबरलेली असायची.

आता वकिलांचा मुद्दा. तो मी हलक्यात घेत नाही, कारण ते अर्धं बरोबर सांगत आहेत. मुलगा निर्दोष आहे असं धरूनच मंडळाचं काम चालतं, त्यामुळे "मी गाडी चोरली" किंवा "मी चोरली नाही" हे घरी येणाऱ्या कोणापुढेही बोलायची त्याच्यावर सक्ती नाही. त्या दिवशी काय घडलं यावर वकिलांशी बोलल्याशिवाय गप्प राहावं, हे ठीक. पण तो रात्री किती वाजता झोपतो, जेवतो का, वडिलांशी काय बिनसलंय, हे लपवायचं काही कारण नाही. बुधवारी ताई आल्या की तुम्हीच सांगा, "घटनेबद्दल वकिलांनी बोलू नका सांगितलंय, बाकी सगळं विचारा." अनुभवी माणूस हे लगेच समजून घेतो. आणि वकिलांना विचारा की कलमं कोणती लागली आहेत. मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून ४ महिन्यांत चौकशी संपली पाहिजे, फार तर लेखी कारण देऊन आणखी २ महिने. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा आहे तो कायद्याच्या भाषेत किरकोळ. अशा गुन्ह्याची चौकशी वाढवलेल्या मुदतीतही पुरी झाली नाही तर ती तिथेच संपते. तुमचं प्रकरण कोणत्या वर्गात बसतं, हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलासाठी तिथे मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न विचारत नाहीत. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

आणखी एक गोष्ट वकिलांच्या कानावर घाला. त्या दोन मित्रांपैकी कोणी १८ च्या वरचा आहे का? पोरांना गाड्या आणायला लावून विकणारा, पेट्रोलचे पैसे देणारा कोणी मोठा मागे आहे का? मुलांना गैरकामाला लावणाऱ्या प्रौढाला याच कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. अशा प्रकरणात मुलगा आरोपी असला तरी वापरलाही गेलेला असतो, आणि हे मंडळासमोर आलं तर त्याच्याकडे बघायची नजर बदलते. मुलगा भीतीने हे सांगत नसेल. त्याला एकट्याला घेऊन वकिलांकडे जा.

शेजारी आणि फोटो. हे वाचताना मला राग आला. मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात, वाहिनीवर किंवा संपर्काच्या इतर कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करायला कायद्याने बंदी आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सोसायटीच्या ग्रुपच्या चालकाला एकदा शांतपणे सांगून बघा की फोटो काढून टाका. नाही ऐकलं तर स्क्रीनशॉट घेऊन अधिकारी मॅडमना दाखवा. पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडेही तक्रार करता येते. शेजाऱ्यांशी भांडायला जाऊ नका, त्यात तुमचीच शक्ती जाईल.

आणि 'विमावाली बाई' बद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. शेजाऱ्यांना खरं सांगायला तुम्ही बांधील नाही. फक्त असं काही सांगा, जे तुम्हाला रोज निभावता येईल. "मुलाच्या अभ्यासाच्या संदर्भात येतात" एवढं पुरे, ते खोटंही नाही. त्या ताईंनाही विनंती करा की येताना फोन करा, जिन्यात नाव पुकारू नका, संस्थेचा बिल्ला दारात दाखवण्याऐवजी आत आल्यावर दाखवा. त्यांनी हे पाळलंच पाहिजे, तुमच्या मुलाची ओळख जपणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. घरी भेट अगदीच नको वाटत असेल तर काही भेटी संस्थेच्या कार्यालयात होतील का, हे विचारायलाही हरकत नाही. सगळ्या तिथे नकोत. घराचं घरपण कार्यालयात दिसत नाही.

मुलीचं लग्न. तुम्ही पत्रात हे एका वाक्यात उरकलंत, पण मला वाटतं तुमची झोप यानेच उडाली आहे. मी आधी तुमच्या मुलीला विचारीन. ती नोकरी करते, तिला मत आहे, आणि भाऊ तिचाही आहे. समोरच्या मंडळींना सांगायचं की नाही, कधी आणि कोणत्या शब्दांत, हे तिला ठरवू द्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर सुपारी फुटायच्या आधी त्या मुलाला, फक्त त्या मुलाला, तिने स्वतः सांगावं. व्हॉट्सअॅपवर फिरलेली गोष्ट त्यांच्यापर्यंत दुसऱ्याच्या तोंडून गेली तर जास्त बोचेल. ऐकून जो माघार घेईल त्याच्याबद्दलही तिला वेळेत कळेल. पण हे माझं मत आहे, निर्णय तिचा.

आता सांगोला.

तुमच्या यजमानांच्या मनातलं मला कळतं. संगत तोडायची तर जागा बदलायची, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. आणि त्यात काहीच तथ्य नाही असं नाही. ते मित्र धमक्या देत असतील, मारायला येत असतील, गल्लीतून जाणं मुश्कील झालं असेल, तर नातेवाइकांकडे ठेवणं योग्य ठरू शकतं. पण मग ते मंडळाला सांगून, अर्ज देऊन, त्यांच्या परवानगीने. जामिनाच्या वेळी तुम्ही हमीपत्र दिलं आहे, पत्ता दिला आहे. मुलगा तिथे नाही हे एखाद्या बुधवारी कळलं तर मुलगा फरार असाच त्याचा अर्थ निघेल, आणि तारखेला गैरहजर राहिला तर ९ दिवसांच्या जागी काय होईल ते सांगायला नको.

कायद्याची बाजू क्षणभर सोडा. मित्र त्याच्या फोनमध्ये आहेत, ते सांगोल्यालाही त्याच्याबरोबर जातील. मामाच्या घरी तो कोण असेल? आपल्या हातून काही बरंवाईट होऊ नये म्हणून पाठवलेला पाहुणा, की शेतात राबायला आलेला भाचा? मी अशी मुलं पाहिली आहेत जी चार महिने मामाकडे, काकाकडे राहून आली आणि परत येताना एकच गोष्ट घेऊन आली: आपल्याला घरातून काढलं होतं. ज्या घरातून पाठवलं, त्या घरातल्या कुठल्याच गोष्टीत काही बदललेलं नसतं. वडील बोलत नव्हते, ते अजूनही बोलत नाहीत. जी गाठ सुटायला हवी ती तुमच्या स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या खोलीत आहे, सांगोल्यात नाही. दिवाळीत परवानगी घेऊन आठ दिवस जाऊन या, सगळे मिळून जा. त्याला एकट्याला पाठवू नका.

आणि इथेच तुमच्या यजमानांचा विषय येतो, ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

एका घरी मी सात-आठ महिने जात होते. मुलगा १५ वर्षांचा, मारामारीचं प्रकरण. मी आले की वडील चपला घालून बाहेर पडायचे. पहिल्या महिन्यात मला वाटलं, या माणसाला मुलाची पडलेली नाही. एकदा पाऊस होता आणि त्यांना बाहेर पडता येईना. ते दारातच उकिडवे बसून राहिले, पाठ आमच्याकडे. मी मुलाला विचारत होते की लहानपणी कोणाबरोबर खेळायचास. मुलगा गप्प. दारातून आवाज आला, "माझ्याबरोबर. कंपनीतून आलो की हा मला झोपू द्यायचा नाही." एवढंच. पण त्या दिवशी मुलाने पहिल्यांदा मान वर केली. पुढे ते कसे सुधारले वगैरे मी सांगणार नाही, कारण सगळं सरळ झालं नाही. मुलाला दोनदा पुन्हा तक्रारीला सामोरं जावं लागलं. पण वडील त्यानंतर माझ्या भेटीला घरात थांबू लागले, आणि मंडळापुढच्या तारखेला मुलाच्या शेजारी उभे राहिले.

तुमचे यजमान बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना राग आहे एवढाच नसावा. पोलीस ठाण्यात मुलाच्या नावाने स्वतःची ओळख सांगावी लागली, सही करावी लागली, कंपनीत सुट्टीचं खोटं कारण द्यावं लागलं. ही सगळी शरम त्यांच्या पोटात आहे आणि ती मुलावर फिरली आहे. पण मारणं चुकीचंच होतं, आणि ते पुन्हा होता कामा नये, हे त्यांना तुम्ही स्पष्ट सांगायला हवं. निरीक्षणगृहातून आलेल्या मुलाला पहिल्याच रात्री मार बसला की 'तिथे आणि इथे फरक काय' हा हिशोब तो मनातल्या मनात करतो. त्यांना आता लांबलचक माफी मागायला सांगू नका, जमणार नाही. त्यांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळचं जेवण चौघांनी एका वेळी, टीव्ही बंद करून. काही बोलायचं नसेल तर न बोलता. आणि एका बुधवारी त्यांना घरी थांबायला सांगा. ताईंनाही आधी कळवा की आज हे असतील, त्यांच्याशी बोला. समुपदेशन फक्त मुलाचं नसतं. मंडळ शेवटी जे आदेश देऊ शकतं त्यात पहिलाच आदेश समज आणि समुपदेशन करून मुलाला घरी जाऊ देण्याचा आहे, आणि त्या समुपदेशनात आईवडिलांचंही नाव लिहिलेलं आहे.

मुलगा दुपारपर्यंत झोपतो हे तुम्ही आळस म्हणून लिहिलंय की काळजी म्हणून, मला कळलं नाही. मी त्याला काळजी म्हणूनच घेते. ९ दिवस परक्या मुलांमध्ये, रात्री दिवा चालू असलेल्या खोलीत झोपलेलं मूल घरी आल्यावर असं झोपतं. कॉलेजला तो जात नाही कारण फोटो सगळ्यांनी पाहिला असेल असं त्याला वाटतं. त्याला सरळ विचारा, "जगणं नको वाटतं का रे कधी?" असं विचारल्याने मुलाच्या मनात नसलेला विचार येत नाही, हे मी खात्रीने सांगते. 'हो' म्हणाला, किंवा गप्प राहून रडला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ वर बोला. तो क्रमांक चोवीस तास चालतो. बुधवारची वाट बघू नका.

त्याच्या अभ्यासाचं बघायचं तर एक प्रश्न मला पडला. मोटारसायकलच का? या वयातली बरीच मुलं गाडी विकायला नाही, चालवायला उचलतात. त्यामुळे गुन्हा कमी होत नाही, पण त्याला कशाची ओढ आहे ते कळतं. गाड्या खोलायला, जोडायला त्याला आवडतं का? आवडत असेल तर अकरावी रेटत बसण्यापेक्षा आयटीआयमधला गाडी दुरुस्तीचा अभ्यासक्रम त्याच्यासाठी जास्त बरा असू शकेल. त्यासाठी दहावी पुरते. आणि कॉलेज कायमचं सुटलं तरी १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून देता येते. हे बुधवारी ताईंपुढे बोला. मुलासाठी एक लेखी आराखडा तयार करायचा असतो, शिक्षण, आरोग्य, घरातले संबंध, रोजगार असं सगळं त्यात येतं. तो तुमच्याशी आणि मुलाशी बोलून व्हायला हवा. तुम्हाला तो दाखवला नसेल तर मागा, आणि मुलाच्या स्वतःच्या तोंडच्या निदान दोन गोष्टी त्यात आहेत का ते बघा.

घरी येऊन काम करण्याची ही पद्धत आणखी किती पुढे जाऊ शकते याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मल्टिसिस्टेमिक थेरपी नावाची पद्धत सुरू झाली. एका कार्यकर्त्याकडे जेमतेम चार ते सहा कुटुंबं. तीन ते पाच महिने तो आठवड्यातून कित्येकदा घरी, शाळेत, मोहल्ल्यात जातो, आणि रात्री दोन वाजता घरात भांडण पेटलं तरी फोन उचलायला कोणीतरी असतं. यातून सगळीकडे सारखा फायदा झाला असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिथल्या नेहमीच्या सेवेपेक्षा ती सरस ठरली नाही. हे मी एवढ्यासाठी सांगते की घरी माणूस आला म्हणजे जादू होते, असं नाही. आपल्याकडच्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे तर चार-सहा कुटुंबं हे स्वप्नच. माझ्याकडे एका वेळी इतकी मुलं असायची की काहींची नावं मला फाईल उघडल्यावरच आठवायची, याची खंत अजून आहे. म्हणून दर बुधवारी न चुकता कोणीतरी तुमच्याकडे येतंय, हे तुमच्या मुलाच्या वाट्याला आलेलं फार मोलाचं काही आहे. त्या तासाचा पुरेपूर वापर करून घ्या.

एक वही करा. तारीख, कोण आलं, काय बोलणं झालं, पुढे काय ठरलं. तुमच्यासारखं पत्र लिहायला बसलेल्या इतर आईबापांनाही हेच सांगेन. येणारी व्यक्ती मुलाला टाकून बोलत असेल, भलत्या वेळी येत असेल, शेजाऱ्यांकडे चौकशी करत फिरत असेल किंवा पैसे मागत असेल, तर हीच वही कामी येते. या सेवेला एक रुपयाही द्यायचा नसतो. तक्रार थेट मंडळाकडे करता येते किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. कुठे जायचं सुचत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर विचारा. नशेचा प्रश्न असेल, व्हाइटनर, सोल्यूशन, गांजा, तर तो लपवू नका. व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचे अधिकार मंडळाला आहेत आणि मंडळ त्याकडे शिक्षा म्हणून बघत नाही. ज्यांच्या घरात आईवडील दोघंही नाहीत, आजी किंवा मोठी बहीण सांभाळते, त्यांनी घाबरून मागे राहू नये. पालक म्हणून तुम्हीही त्या मंडळासमोर बसू शकता.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, जी मी वर सारांशात घेतली नाही: "याच्या कपाळावर आता हे कायमचं लागलं का?" नाही. या कायद्याखाली प्रकरण निकाली निघाल्यावर मुलाला त्यामुळे कुठलीही अपात्रता लागत नाही. ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात, आणि चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. याला एक अपवाद आहे. १६ पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असेल, म्हणजे ज्याला कमीत कमी ७ वर्षांची शिक्षा आहे असा, आणि बाल न्यायालयाने त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवला, तर. तुम्ही लिहिलेल्या प्रकरणात तसं काही मला दिसत नाही, पण कलमं बघून वकिलांकडून खात्री करून घ्या. मुलालाही हे सांगा, तुमच्या शब्दांत. सध्या त्याला वाटत असेल की सगळं संपलं, आणि सगळं संपलं असं वाटणारा मुलगा सकाळी उठायचा कशासाठी?

येत्या बुधवारी काय करायचं ते सांगते. मुलाला सकाळी दहाला उठवा. आंघोळ करायला लावा, पण ताईंसमोर शहाण्यासारखं वाग असं काही सांगू नका. शिलाई मशीनवरचे कपडे आवरायची गरज नाही, घर जसं आहे तसं असू द्या. बेल वाजली की दार तुम्ही उघडू नका, त्याला उघडू द्या. चहा टाका, चार कप. आणि त्या बसल्या की पहिला प्रश्न तुम्हीच विचारा: "ताई, मंडळाच्या आदेशात नेमकं काय लिहिलंय, ते आज आम्हाला तिघांना वाचून दाखवाल का?"